विमान सव्वा तासात मुंबईत पोचतं, आपण लालबागला कधी पोचतो?

गेल्या वर्षी जानेवारीत एकदा सकाळी सव्वासहाला लालबागहून फोन आला. आमचे धाकटे काका पहाटे केईएममध्ये गेले. काका गिरणीच्या काळात मुंबईला गेलेले. आधी गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकून राहिले, मग त्याच गल्लीत दहा बाय बाराची खोली झाली आणि शेवटपर्यंत तिथंच. माझे बाबा ऐंशीच्या घरात. ते एवढंच म्हणाले, "माका भावाचा तोंड बघूचा हा."

रात्रीच्या गाड्या निघून गेलेल्या. पुतण्यानं फोन काढला, गोवा ते मुंबई टाकलं आणि म्हणाला, "एक तास पंधरा मिन्टा दाखवता." मोपाहून अकराच्या आधीचं विमान होतं. मी हिशोब केला, अकरा आणि सव्वा तास म्हणजे सव्वाबारा. लालबागला फोन लावला आणि सांगितलं, "एक वाजेपर्यंत येतंव, थांबा."

आम्ही चाळीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरलो तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. आम्ही एक सांगितलं म्हणून त्यांनी अकरा वाजताच काकांना हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. दोनपर्यंत वाट बघितली. आमचे फोन कधी विमानात बंद, कधी रेंज नाही. दोनला उचलले. आम्ही भोईवाड्याच्या स्मशानात पोचलो तर अग्नी दिलेला. बाबा कोणाला काही बोलले नाहीत, मलाही नाही.

चूक विमानाची नव्हती, माझ्या हिशोबाची होती. मी तीन सांगितलं असतं तर त्यांनी काकांना दुपारपर्यंत हॉस्पिटलातच ठेवलं असतं. तेव्हापासून वाडीत कोणी विमानाचं विचारलं की मी आधी कागद-पेन घेतो. तोच हिशोब आज इथं मांडतो. आपल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांपैकी कुठं ना कुठं आहेच, आणि टाटा नि केईएमच्या वाऱ्या कोणाला चुकल्यात?

अंतर कुठून कुठं?

फोनवर दोन विमानतळांतलं अंतर टाकलं की जो आकडा येतो तो सरळ रेषेचा असतो. तुमच्या घरापासून समोरच्या वाडीतलं देऊळ कुणग्याच्या मेरेवरून सरळ गेलं तर दोनशे पावलं, आणि पाणंदीनं वळसा घालून गेलं तर पाचशे. विमानाचं अंतर म्हणजे ही मेरेवरची वाट. पृथ्वी गोल आहे म्हणून लांबच्या प्रवासात ही सरळ वाटही नकाशावर वाकडी दिसते. मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान नकाशावर उत्तरेकडं फुगा काढून जातं ते त्यामुळंच. आपल्या साडेतीनशे किलोमीटरला या गोलाईचा काही फरक पडत नाही.

तर, चिपी ते मुंबईचा सहार-सांताक्रूझ विमानतळ हे सरळ अंतर साधारण ३५० किलोमीटर. मोपा ते मुंबई ३८५ च्या आसपास. दाबोळी ते मुंबई सव्वाचारशेच्या आत-बाहेर. याच मुंबईला कुडाळहून हायवेनं गेलं तर पाचशेच्या घरात जातं, कारण रस्ता डोंगर, खाड्या आणि गावं बघत जातो.

काही ठिकाणी चिपी-मुंबई १८९ असा आकडा दिसतो, काही ठिकाणी २१७. गोंधळून जाऊ नका. पहिले सागरी मैल आहेत, दुसरे साधे मैल. विमान आणि जहाजवाले सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

आता गंमत बघा. चिपीला जे एटीआर जातीचं पंख्याचं विमान यायचं, ते हवेत स्थिर झालं की तासाला पाचशेच्या आसपास किलोमीटर कापतं. ३५० किलोमीटरला त्याला पाऊण तासही लागू नये. मोपाहून उडणारी मोठी जेट विमानं तासाला आठशेच्या वर जातात, म्हणजे ३८५ किलोमीटर अर्ध्या तासात. मग तिकिटावर सव्वा तास का लिहितात?

कारण तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. उभ्या विमानाच्या चाकाखाली अडसर लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ चालू होतं आणि पलीकडं पोचून परत अडसर लागले की बंद होतं. मधे रांगणं आलं, धावपट्टीच्या तोंडाशी रांग आली, चढणं आलं, उतरण्यासाठी वळसे आले. पूर्ण वेगानं जातं ते मधलं थोडा वेळ. एसटी जशी हायवेला कितीही पळाली तरी प्रत्येक तिठ्यावर थांबल्यावर सरासरी पडतेच, तसंच हे. म्हणूनच अंतर कमी असलं की मोठ्या वेगवान विमानाचा फायदा जवळजवळ संपतो. चिपीचं एटीआर ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं तेव्हाचं वेळापत्रक असं होतं : मुंबईहून ११.३५ ला सुटून १ वाजता चिपी, चिपीहून १.२५ ला सुटून २.५० ला मुंबई. म्हणजे दोन्हीकडून एक तास पंचवीस मिनिटं. मोपाच्या जेटला साधारण सव्वा तास. वेग दीडपट जास्त, आणि वाचली फक्त दहा मिनिटं!

त्यातही मुंबईचा विमानतळ म्हणजे गणपतीतलं पनवेल स्टँड. तिथं दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवरून तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढ-उतार करतात. म्हणजे दर सव्वा-दीड मिनिटाला एक. एकाला उशीर झाला की मागची सगळी तुंबतात आणि वर घिरट्या घालतात. आपण दक्षिणेकडून येतो, पण विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडं तोंड करून उतरतं. त्यासाठी ते नवी मुंबईच्या बाजूला जाऊन खाडीवरून वळतं आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या झोपड्यांवरून खाली येतं. खिडकीतून खाडी दिसली की पोचलो असं वाटतं. आमच्या विमानानं त्या दिवशी तिथंच पाव तास फिरवलं. बाबा विचारत होते, "आता खय चल्लो ह्यो?"

कंपन्या तिकिटावर वेळ लिहिताना ही गर्दी धरूनच लिहितात. म्हणून कधी कधी विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोचतं. पण तेवढ्यावर विसंबून राहू नये.

जमिनीवरचे तास

हवेतला हिशोब झाला. खरा वेळ जातो तो खाली. आमच्या त्या दिवसाचंच सांगतो. गाडी मिळवून घरातून निघायला पावणेआठ वाजले. कुडाळ तालुक्यातून मोपाला आम्हाला सव्वा तासाच्या वर लागला. देशातल्या विमानाचं सामान घेण्याचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं आणि विमानात चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे दीड तास आधी विमानतळाच्या दारात उभं असायला हवं. म्हातारं माणूस असेल, व्हीलचेअर मागायची असेल, तर दोन तास आधी. गेटवर ओळखपत्र, मग तपासणी. तिथं बॅगेत काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं. सुकं खोबरं नेऊ देत नाहीत हे आपल्या लोकांना तिथंच कळतं, आणि मग बॅग उघडा, काढा, परत बांधा, यात दहा मिनिटं जातात.

विमान अर्धा तास उशिरा सुटलं. मुंबईत उतरून जागेवर लागायला पाऊण वाजून गेला. बाहेर यायला पंचवीस मिनिटं, टॅक्सीला पंधरा. तिथून शीव, मग आंबेडकर रोड, आणि लालबागला तीनला दहा कमी. एकूण सात तास. त्यातले हवेत जेमतेम एक तास वीस मिनिटं.

म्हणून मी आता असं धरतो. घर ते विमानतळ जो लागेल तो वेळ, अधिक दीड तास, अधिक तिकिटावरचा वेळ, अधिक बाहेर पडायला अर्धा तास, अधिक दक्षिण-मध्य मुंबईत पोचायला एक तास, आणि वर अर्धा तास नशिबाचा. मोपाहून कुडाळच्या माणसाला हे सहा तासांच्या आसपास जातं. मुंबईवाल्यांना सांगताना मी यातला एक मिनिटही कापत नाही.

आता रेल्वेशी ताडून बघा. जून २०२३ च्या शेवटी सुरू झालेली वंदे भारत कणकवलीला थांबते आणि पावसाळा सोडून इतर दिवसांत साधारण सहा तासांत दादरला सोडते. घरातून कणकवली पाऊण तास, गाडीसाठी अर्धा तास आधी, दादरहून लालबाग वीस मिनिटं. झाले साडेसात तास. म्हणजे मोपाच्या विमानापेक्षा तास-दीड तासच जास्त. आणि दादर हे आपल्या माणसांच्या उंबऱ्यावरच आहे. पण ती गाडी आपल्याकडं येते दुपारी उशिरा, रोज नसते, आणि आयत्या वेळी जागा मिळणं कठीण. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालवतात, तेव्हा दोनेक तास वाढतात. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी घेतली तर दहा-बारा तास लागतात, पण ते झोपेत जातात आणि सकाळी मुंबई. टाटा हॉस्पिटलात सकाळी केसपेपर काढायचा असेल तर माझ्या मते रात्रीच्या गाडीला तोड नाही. विमानानं जाऊन दुपारी पोचलेल्या माणसाला त्या दिवसाची ओपीडी तशीही मिळत नाही, वर रात्री राहायची सोय बघावी लागते.

मग चिपीचं काय? तिथंच खरं दुखणं आहे. वेंगुर्ला, मालवण, कुडाळच्या माणसाला चिपी तासाभराच्या आत आहे. विमानतळ छोटा, गर्दी नाही, चालायला कमी. हाच वरचा हिशोब चिपीला लावला तर घरापासून लालबागपर्यंत साडेपाच तास, नशीब बरं असेल तर पाचही. मोपापेक्षा अर्धा तास कमी, वर गाडीभाड्यातही फरक. हा अर्धा तास आकाशात वाचत नाही, जमिनीवर वाचतो. आकाशात तर चिपीचं विमान उलट दहा मिनिटं हळूच आहे. ही फेरी उडान योजनेतली होती. त्यात छोट्या विमानतळावर विमान चालवण्यासाठी कंपनीला तीन वर्षं सरकारी आधार मिळतो आणि ठरावीक जागा स्वस्त ठेवाव्या लागतात. सुरुवातीला तिकीट अडीच हजारांच्या आसपास होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं भरली आणि मुंबईची ती फेरी थांबली. म्हणून चिपीहून जायचं म्हणाल तर त्या दिवशी मुंबईचं विमान आहे का, हे तारीख टाकूनच बघायचं, ऐकीव माहितीवर गाडी काढायची नाही. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं : मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गणपतीत ज्या वेळी विमान होतं त्याच वेळी शिमग्याला असेल असं नाही.

सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याच्या लोकांना मात्र मोपाच जवळ. त्यांनी चिपीसाठी हळहळायचं कारण नाही. जानेवारी २०२३ पासून मोपा चालू आहे आणि बांदेकरांना ते स्टँडवर गेल्यासारखं झालंय.

कोड बघितल्याशिवाय तिकीट काढू नका

गोव्यात दोन विमानतळ आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिकीट काढताना लक्षात राहत नाही. आमच्या वाडीतल्या एका पोरानं गणपतीला येणाऱ्या गिरगावच्या मामांचं तिकीट काढलं. गाडी मोपाला गेली, मामा दाबोळीला उतरले. तिथून मोदकाच्या वेळेला पोचायचे ते आरतीलाही पोचले नाहीत. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय, चिपीचा एसडीडब्ल्यू. ही तीन अक्षरं तिकिटावर छापलेली असतात.

आता मुंबईलाही दोन झाले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. नवी मुंबई म्हटलं की लोक नाक मुरडतात, लांब पडेल म्हणून. अंधेरी-बोरिवलीवाल्यांना पडेलही. पण परळ-लालबागचं गणित वेगळं आहे. उलव्याहून अटल सेतूवर चढलं की गाडी समुद्र ओलांडून थेट शिवडीला उतरते, आणि शिवडी म्हणजे लालबाग-परळची मागची बाजू. हा पूल जानेवारी २०२४ पासून चालू आहे, लांबी जवळपास २२ किलोमीटर. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये. टॅक्सीचं भाडं नि टोल धरून खिसा हलका होतो हे खरं, पण सहारहून शीवमार्गे रखडण्यापेक्षा वेळ कमी लागू शकतो. पेशंट बरोबर असेल आणि खर्च झेपणार असेल तर हा पर्याय बघून ठेवा.

सहारला उतरणाऱ्यांसाठी दुसरी सोय झालीय ती भुयारी मेट्रोची. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिचं स्टेशन आहे. तिथून दादर वीस-पंचवीस मिनिटं आणि गिरगाव पाऊण तासाच्या आसपास, वर कितीही ट्रॅफिक असू दे. गिरगावच्या माणसाकडं जायचं असेल तर डोळे झाकून मेट्रो. टॅक्सीच्या भाड्यात अख्खं घर मेट्रोनं जाईल. लालबागला मात्र या मेट्रोचं स्टेशन नाही. दादरला उतरून टॅक्सी करावी लागते, आणि तिथं एक मेख आहे. मेट्रो दादरच्या पश्चिमेला सोडते, लालबाग-परळ आणि केईएम-टाटा पूर्वेला. मधे रेल्वेचे रूळ. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे, त्यामुळं सगळी वाहनं टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर येतात. संध्याकाळी तिथं अडकलात तर चालत जाणारा पुढं निघून जातो. सामान कमी असेल तर दादर स्टेशनच्या पादचारी पुलावरून पूर्वेला जा आणि तिकडून टॅक्सी धरा. सामान जास्त असेल, म्हातारं माणूस असेल, तर विमानतळावरूनच शीवमार्गे टॅक्सी बरी, ती रुळांच्या पूर्वेकडूनच येते.

पावसाळ्यात या सगळ्यावर अर्धा-एक तास आणखी धरा. ढग खाली आले की विमानं उतरू शकत नाहीत, घिरट्या घालतात, कधी दुसऱ्याच विमानतळावर नेऊन उतरवतात. शिवाय दुरुस्तीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या वर्षातून एखाद-दोन दिवस काही तास पूर्ण बंद ठेवतात. ते आधी जाहीर होतं, बातमी आली की आपण इथं देतोच.

मागच्या महिन्यात वाडीतल्या एकाला असाच परळहून फोन आला. वहिनी आयसीयूत होत्या. तो धावत माझ्याकडं आला, फोनमध्ये मोपाचं विमान, एक तास दहा मिनिटं. आम्ही खळ्यात बसून कागदावर लिहिलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, विमान दीडचं. हिशोब संध्याकाळी चार चाळीसचा आला. त्यानं तसाच फोन लावून भावाला सांगितलं, पावणेपाच धरून चाला. पोचला चार वाजून वीस मिनिटांनी. आयसीयूत भेटायची वेळ पाचला होती.